तंबूत कशाला झोपता? तुम्ही विचारलंत म्हणून

फोनवर मावशीचा प्रश्न ठरलेला असतो. "अगं, दोघं कमावता, मग सुट्टीत जमिनीवर कशाला झोपता? झाडं तर काय, एका दिवसात बघून होतात." ऑफिसातली मराठी मंडळीही हेच विचारतात, फक्त जरा आडून.

ही झाडं म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातले सिक्वोया, आणि जागा 1890 साली स्थापन झालेलं सिक्वोया नॅशनल पार्क.

एका दिवसात बघून होतात हे खरं आहे. पहिल्यांदा आम्हीही तसंच केलं. आम्ही राहतो त्या, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटहून पाचेक तास गाडी, थ्री रिव्हर्स गाव मागे पडलं की घाट. सुमारे 1,700 फुटांवरून 6,400 फुटांपर्यंत नुसती वळणं. मुलीला दोनदा ओकारी झाली. वर पार्किंगला जागा मिळेना. मग 'जनरल शर्मन'समोर फोटोसाठी रांग. आकारमानाने जगातलं सगळ्यात मोठं झाड, उंची 275 फूट, वय सुमारे 2,200 वर्षं. आणि खरं सांगू? मला ते फार मोठं वाटलंच नाही. शेजारचे पाइन आणि फरही दीड-दोनशे फुटांचे, त्यामुळे डोळ्यांना माप लागत नाही. पहिली मोठी फांदी 130 फुटांवर, म्हणजे आपल्याकडच्या बाराव्या-तेराव्या मजल्याच्या पातळीवर आहे, हे पाटीवर वाचलं, मान डोलावली आणि अंधार पडायच्या आत घाट उतरलो.

पुढच्या वर्षी आई आली होती, तेव्हा लॉजपोल कॅम्पग्राउंडमध्ये दोन रात्री राहिलो. (बुकिंग काही महिने आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. तत्काळ तिकिटांची सवय इथे उपयोगी पडते.) कॅम्पात सिक्वोया नाहीत बरं का; पाइन आहेत, ग्रॅनाइटचे धोंडे आहेत आणि तंबूशेजारून खळखळणारी कविया नदीची एक शाखा आहे. महावृक्षांचं 'जायंट फॉरेस्ट' तिथून दोन-तीन मैलांवर. ऐन जंगलात पूर्वी हॉटेलं, दुकानं, पेट्रोलपंप सगळं होतं. या झाडांची मुळं खोल जात नाहीत, उथळच लांबवर पसरतात, आणि बांधकामाखाली ती दबत होती. म्हणून 1990च्या दशकाअखेर अडीचशेहून जास्त इमारती तिथून काढून टाकल्या. लॉज आहे, पण तेही जरा दूरच, आणि तिथल्या एका रात्रीच्या भाड्यात आमचा अख्खा कॅम्प होतो. मावशी, हा हिशोब तुझ्यासाठी.

कॅम्पात तंबूच्या प्रत्येक जागेला, खाणं अस्वलांपासून राखायला लोखंडी पेटी असते. वास येणारं सगळं त्यात ठेवायचं, गाडीतसुद्धा काही सोडायचं नाही. अस्वलं काच फोडतात. आमची पेटी म्हणजे वाण्याचं दुकान झालं. मेतकूट, लसणीची चटणी, टूथपेस्ट, आईचं खोबरेल तेल, अमृतांजन. अमृतांजनावर ती अडून बसली होती, "ते काय अस्वल खाणार आहे?" रात्री अकराला मला आठवलं की बेसनाच्या लाडवांचा डबा मागच्या सीटवरच राहिलाय. टॉर्च घेऊन गेले, छाती धडधडत होती. अस्वल नव्हतं. डबा पेटीत टाकून खटका लावला तेव्हा त्या आवाजाने शेजारच्या तंबूतला माणूस जागा झाला, तेवढंच.

पहाटे साडेसहाला आम्ही जायंट फॉरेस्टमधल्या काँग्रेस ट्रेल या पायवाटेवर होतो. माणूस नाही, गाडी नाही. आधी दिसला एक खालून जळलेला बुंधा, आत घरातली सगळी माणसं मावतील एवढी काळी पोकळी, आणि वर शेंडा हिरवागार. साल दोन फुटांपर्यंत जाड आणि नारळाच्या काथ्यासारखी, म्हणून सहसा आग आतपर्यंत पोचत नाही. उलट थोडी आग त्यांना हवीच असते. त्यांचा शंकू, म्हणजे बिया असतात ते बोंड, कोंबडीच्या अंड्याएवढा, झाडावर वीस वर्षंही बंदच राहतो, आगीच्या धगीने सुकून उघडतो. वाटेवर पडलेला एक आईने तळहातावर उलटा केला, तर बी पडलं पातळ पोह्याच्या तुकड्याएवढं. ती ते नखाने इकडून तिकडे सरकवत राहिली, मग समोरच्या खोडाकडे बघितलं, मग परत बियाकडे. शंकू होता तिथेच ठेवला. उचलून न्यायची बंदी आहे. त्या वेळी मला पहिल्यांदा ते झाड मोठं दिसलं.

आगीचं मात्र हल्ली बिनसलंय. वर्षानुवर्षं प्रत्येक वणवा विझवल्यामुळे खाली सरपण साठलं, वर दुष्काळ आणि वाढती उष्णता. 2020च्या एकाच वणव्यात हजारो मोठे सिक्वोया मेले. 2021मध्ये शर्मनच्या बुंध्याला चक्क ॲल्युमिनियमचं आगरोधक कापड गुंडाळून वाचवलं.

शर्मनपाशी आई थबकली. "एवढ्या झाडाला पार नाही?" पार कुठला, कुंपण आहे, कारण पावलांनी माती घट्ट होते. तिने कुंपणाबाहेरून, वाट होती तिथपर्यंत अर्धी प्रदक्षिणा घातली. परतीच्या चढावर, सात हजार फुटांवर, दर वीस पावलांनी बसत होती.

पाठ धरते, जुलैतही पहाटे कानटोपी लागते, डास चावतात. सगळं कबूल. आईच आता मावशीला फोनवर सांगते, "तू ये एकदा. फक्त लाडू गाडीत ठेवायचे नाहीत."