कांदा-लसूण चटणीचा धंदा उभा करताना

कोल्हापूरकडे वर्षाची चटणी उन्हाळ्यातच करून ठेवतात. तीच चटणी विकायला लागल्यावर पहिली अडचण आली ती पैशाच्या चक्राची. मिरची येते फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि गिऱ्हाईक बाराही महिने. हंगामात माल कोरडा, रंगाला चांगला मिळतो. पावसाळ्यात तीच मिरची महाग पडते, वर ओल धरलेली. म्हणजे वर्षाची खरेदी एकदम करायची आणि तो पैसा मोकळा व्हायचा पुढच्या होळीपर्यंत. नव्याने सुरू करणाऱ्या बायका मला विचारतात, "ताई, मशीन कुठलं घेऊ?" मी आधी विचारते, मिरचीला किती पैसे बाजूला ठेवलेत?

दुसरं म्हणजे भाव काढणं. रंगाला ब्याडगी, झणक्याला लवंगी, चवीला संकेश्वरी. ऊन दाखवून देठ खुडले की पोतं हलकं होतं, डंखात, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रात, थोडी भुकटी उडते आणि कांदा तर तळल्यावर मूठभरच उरतो. म्हणून मी किलोचा भाव पोत्यावरून धरत नाही. डंखावरून परत आलेला डबा काट्यावर ठेवायचा आणि झालेला सगळा खर्च त्या वजनाने भागायचा. त्यात तेल, गॅस, पाकीट, लेबल, देठ खुडणाऱ्या मावश्यांची मजुरी आणि माझी स्वतःची मजुरीही. ही शेवटची रक्कम बायका हमखास सोडतात, "घरचंच तर काम" म्हणून. मला ते अजिबात पटत नाही. आपण आजारी पडलो आणि बदली बाई लावली, तर तिला पैसे द्यावेच लागतात ना?

कागदपत्रांचा बाऊ करू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर ऑनलाइन होते, फुकट. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. मी सुरू केलं तेव्हा 12 लाखांच्या आतल्या उलाढालीला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी पुरत होती, वर्षाला 100 रुपये. तो 14 अंकी नंबर पाकिटावर छापायचा.

स्वतःच्या डंखासाठी मी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून कर्ज घेतलं. अनुदान 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, आणि किमान 10 टक्के पैसे आपले. प्रकल्प अहवालाला जिल्हा संसाधन व्यक्तीची, म्हणजे अर्जदारांच्या मदतीला योजनेतून नेमलेल्या माणसाची, मदत झाली. बँकेतल्या मॅडमनी मात्र अहवाल बाजूला ठेवून विचारलं, "पावसाळ्यात हप्ता कशातून भरणार?" मी विक्रीची वही पुढे केली. त्यात महिन्यागणिक किती पाकिटं गेली, कुणाकडून किती येणं आहे, सगळं होतं. पुढचं बोलणं त्या वहीवरच झालं. एक लक्षात ठेवा, अनुदान हातात पडत नाही. ते बँकेतच राहतं आणि कर्जखातं नीट चाललं तर तीन वर्षांनी कर्जात वळतं होतं. त्याच्या भरवशावर मिरची घेता येत नाही.

वाढताना जपायचं ते उधारीला. दुकानदार म्हणतात, "वहिनी, माल ठेवून जा, खपला की देतो." मी एकच खेप तशी ठेवते. पुढचा माल मागचं बिल मिटल्यावर. काही दुकानं यामुळे सुटली, पण जी टिकली त्यांचे पैसे जानेवारीपर्यंत जमा होतात आणि गडहिंग्लजच्या बाजारात मी रोखीने मिरची उचलते.