पत्रास कारण की

मागच्या दिवाळीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तेव्हा तिच्यात आजोबांनी आपल्या थोरल्या भावाला लिहिलेली पोस्टकार्डे सुतळीने बांधून ठेवलेली सापडली. १९४१ ते १९४५ या वर्षांतली ही कार्डे कोकणातून पुण्याला गेलेली आणि पुढे कधीतरी कोणीतरी परत आणलेली. पहिली दोन-तीन मी मन लावून वाचली, पुढची नुसती चाळली. कारण प्रत्येक कार्ड ‘तीर्थस्वरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे सुरू होत होते, मग ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’, मग पाऊसपाणी, आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’. जिथे कसरीने कागद खाल्ला होता तिथेही माझे काही अडले नाही. खाल्लेल्या जागी काय असणार, हे ठाऊकच होते.

नेमक्या याच वर्षांत इंग्लंडमधल्या ब्लेचली या रेल्वे जंक्शनाच्या गावी एका जुन्या हवेलीच्या आवारात काही हजार माणसे असल्याच तर्कावर दिवसरात्र काम करत होती. त्यांच्यापुढचा कागद मात्र सगळाच कसरीने खाल्लेला होता. जर्मन सैन्याचे बिनतारी संदेश एनिग्मा नावाच्या, टंकयंत्रासारख्या दिसणाऱ्या यंत्रातून गुप्त लिपीत होऊन जात, आणि ते उकलणे हे या लोकांचे काम. त्याची चक्रे आणि तारा जुळवण्याच्या शक्यता किती, तर १५९ वर अठरा शून्ये. आणि ही जुळणी रोज बदलायची. एवढ्या शक्यता एकेक करून तपासायला माणसाचे आयुष्य सोडाच, पृथ्वीचेही पुरले नसते. या यंत्रात एकच खोड होती. कोणतेही अक्षर दाबले तरी त्याच्या जागी तेच अक्षर कधीही उमटत नसे. ‘अ’चे काहीही होईल, पण ‘अ’ होणार नाही.

या खोडीचा उपयोग करायला मजकुराचा एखादा तुकडा आधीच माहीत असावा लागे. ब्लेचलीत त्याला ‘क्रिब’ म्हणत. परीक्षेत नक्कल करायला लपवून नेलेल्या चिठ्ठीला इंग्रज विद्यार्थ्यांचा हाच शब्द आहे. आणि या चिठ्ठ्या जर्मन मंडळी आपण होऊन पाठवत होती. सकाळी ठरल्या वेळी हवामानाचा संदेश निघे आणि त्यात ‘वेटर’, म्हणजे हवामान, हा शब्द बहुधा ठरल्या जागीच येई. वरिष्ठांना पाठवायच्या संदेशात त्यांचे हुद्द्यासकट संपूर्ण नाव घालण्याची पद्धत होती, म्हणजे आमचे ‘राजमान्य राजेश्री’च ते. ओळखलेले शब्द एका पट्टीवर लिहायचे, ती गुप्त मजकुराच्या खाली धरून एकेक घर सरकवायची आणि जिथे खालचे-वरचे अक्षर एकच येईल ती जागा बाद करायची. जिथे एकही अक्षर जुळत नाही, तिथे आशेला जागा. इतर वेळी आपण जुळण्याची वाट पाहतो. हे लोक न जुळण्याची पाहत. काही वेळा तर हवा तो शब्द शत्रूच्या तोंडी यावा म्हणून ब्रिटिश विमाने समुद्रात ठरल्या जागी सुरुंग टाकून येत, म्हणजे जर्मन आरमार त्या जागेची बातमी इमानाने कळवणार. या उद्योगाला त्यांनी ‘बागकाम’ असे गोड नाव दिले होते.

ब्लेचलीचे नाव निघाले की तिथल्या अॅलन ट्युरिंग या गणितज्ञाची बुद्धी आणि त्याने रेडिएटरला साखळीने बांधून ठेवलेला चहाचा मग यांच्या गोष्टी हमखास सांगितल्या जातात. बुद्धीबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्याही आधी, १९३२मध्येच, मारियान रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने एनिग्माच्या आतली तारांची रचना गणिताने शोधली होती, आणि जुलै १९३९मध्ये वॉर्साजवळच्या जंगलात पोलिश लोकांनी ही सारी विद्या ब्रिटिश आणि फ्रेंच पाहुण्यांच्या हवाली केली. ते ऋण मोठे आहे. पण मला अधिक लोभ वाटतो तो जॉन हेरिवेलचा, कारण त्याने यंत्राचा नव्हे, यंत्रापुढे बसलेल्या कंटाळलेल्या माणसाचा विचार केला.

हेरिवेल बेलफास्टचा, केंब्रिजमध्ये गणित शिकलेला, वय एकवीस. १९४०च्या फेब्रुवारीत एका रात्री तो आपल्या बिऱ्हाडाच्या घरी शेकोटीपुढे बसून पेंगत होता. त्या अर्धवट झोपेत त्याला तो जर्मन शिपाई दिसू लागला. रात्री बारानंतर नव्या दिवसाची जुळणी करायची, चक्रांवरची कडी नव्या आकड्यावर बसवायची, चक्रे यंत्रात घालायची, मग पहिल्या संदेशासाठी चक्रे फिरवून मनाला येतील ती तीन अक्षरे वर आणायची. नियमाचा माणूस हे सारे करील. पण दमलेला, घाईत असलेला किंवा मुळातच आळशी माणूस? तो कडी बसवल्यावर समोर जी अक्षरे आली तीच ठेवून मोकळा होईल. ती तीन अक्षरे संदेशाच्या सुरुवातीला उघड पाठवावी लागत. तेव्हा निरनिराळ्या ठाण्यांच्या दिवसाच्या पहिल्या संदेशांची अक्षरे एका चौकटीवर मांडली, तर आळशी लोकांच्या खुणा एका कोपऱ्यात गोळा होतील आणि त्या दिवसाचे कडे तिथेच आसपास सापडेल. पुढचे काही आठवडे असा पुंजका काही दिसला नाही. मे महिन्यात जर्मनांनी पद्धत बदलली, जुन्या युक्त्या निकामी झाल्या, आणि फ्रान्सची लढाई ऐन भरात असताना चौकटीवर तो पुंजका उमटला. जर्मन हवाई दलाचे संदेश पुन्हा वाचता येऊ लागले.

मेव्हिस लिव्हरची गोष्ट याहून लहान आणि मला विचाराल तर याहून सुंदर आहे. जर्मन भाषेचा अभ्यास अर्धा सोडून ही एकोणीस वर्षांची मुलगी ब्लेचलीत आली आणि डिली नॉक्स या विक्षिप्त विद्वानाच्या हाताखाली तबेल्याशेजारच्या लहानशा घरात काम करू लागली. एके दिवशी एक लांबलचक इटालियन संदेश तिच्या हाती आला, आणि त्याच्याकडे पाहता पाहता तिला खटकले की या संपूर्ण कागदावर ‘एल’ हे अक्षर एकदाही नाही. यंत्र ‘एल’चे ‘एल’ कधी करत नाही, हे तिला ठाऊक होते. म्हणजे कुणाला तरी नुसता चाचणीचा संदेश पाठवायला सांगितलेले असणार, आणि त्या महाभागाने काही मजकूर रचण्याचे कष्ट न घेता शेवटची, म्हणजे ‘एल’चीच, कळ दाबत राहण्यात वेळ काढलेला असणार. त्या एका आळसातून तिने नव्या चक्राची तारजुळणी उलगडली. मार्च १९४१मध्ये ग्रीसजवळ मातापानच्या समुद्रात इटालियन आरमाराला जो तडाखा बसला, त्यामागेही याच लहानशा घरात उकललेले संदेश होते.

आळस असा पलीकडे. अलीकडे मात्र त्याला परवानगी नव्हती. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, लाकडी खोपटी, धूर ओकणारे शेगडे, बोटे गारठली म्हणून हातमोजे घालून चाललेले लेखन. युद्धाच्या अखेरीस तिथे काम करणाऱ्या सुमारे नऊ हजारांत चारांपैकी तीन बायका होत्या. एनिग्माच्या जुळण्या तपासणारी ‘बॉम्ब’ नावाची कपाटाएवढी यंत्रे आरमाराच्या महिला दलातल्या मुली चालवत. त्यांच्या फिरत्या चकत्यांच्या मागे बारीक तारांचे कुंचले असत, आणि एक तार दुसरीला टेकली तर सारा हिशेब चुके. म्हणून या मुली भुवया कोरायच्या चिमट्याने ती एकेक तार सरळ करत बसत. यंत्र थांबले की आकडे कळवायचे, पुढची जुळणी लावायची. आपण शोधले ते काय आणि त्याचे पुढे काय झाले, हे बहुतेकींना कधीच कळत नसे. शेजारच्या खोपटात काय चालते ते विचारायचे नाही, हा तिथला शिरस्ता होता.

मला प्रश्न पडतो तो या लोकांनी घरी लिहिलेल्या पत्रांचा. काम सांगायचे नाही, जागा सांगायची नाही, मैत्रीण काय करते तेही लिहायचे नाही. मग उरते काय? हवा, जेवण, सर्दी, आणि इकडील सर्व क्षेम. शत्रूच्या पत्रातला ठराविक मजकूर चाळून खालचे गुपित काढणारी माणसे स्वतःच्या आईला मात्र निव्वळ ठराविक मजकूर पाठवत असणार. हे मौन युद्ध संपल्यावरही सुटले नाही. सत्तरच्या दशकात ही हकीकत बाहेर येईपर्यंत कित्येकांनी घरच्यांनाही काही सांगितले नव्हते. हेरिवेल पुढे बेलफास्टला विज्ञानाचा इतिहास शिकवू लागला. आपल्या मुलाने युद्धात काहीच केले नाही, अशी त्याच्या वडिलांची समजूत होती, आणि त्याच समजुतीत ते गेले. मुलगा अंथरुणाशी होता, सांगणे त्याच्या ओठांवर आले असेलच. पण दिलेला शब्द त्याने पाळला.

आजोबांची कार्डे मी पुन्हा सुतळीत बांधायला घेतली, तेव्हा १९४३च्या एका कार्डावर ‘पाऊस बरा आहे’ आणि ‘कळावे’ यांच्यामध्ये एक वाक्य दिसले, जे चाळताना मी सोडून दिले होते: ‘तांदूळ संपला आहे, वहिनींस सांगू नये.’