एथिक्स कमिटी आणि माझं संमतीपत्र : माझा अनुभव

पीएचडीचा गाइड, कोर्सवर्क, सिनॉप्सिस याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हणून ते सोडते. मी लिहितेय ते संस्थेच्या नैतिकता समितीबद्दल, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला आधी मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीबद्दल. मंजुरी हातात आली तरी डोकं अजून तापतंय.

विषय असा: नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायकांचा रोजचा प्रवास. बंद दिवे, मध्येच संपणारा फुटपाथ, अंधार पडल्यावरची शेअर रिक्षा आणि त्या वाटेवर सोसावा लागणारा त्रास. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या अकराव्या ध्येयात २०३० पर्यंत बायकांना सुरक्षित वाहतूक आणि सुरक्षित सार्वजनिक जागा देण्याची गोष्ट आहे. नाशिक २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आलं. थांब्यावर उभ्या बाईपर्यंत त्यातलं काय पोचलं, एवढंच मला बघायचं होतं.

गाडी अडली संमतीपत्रावर, म्हणजे अभ्यासात भाग घ्यायला बाईने होकार दिल्याच्या कागदावर. समितीचा छापील नमुना म्हणजे वर ठळक अक्षरांत ‘महिलांवरील हिंसाचार’ असलेलं संशोधनाचं नाव. खाली पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल, सही किंवा अंगठा, साक्षीदाराची सही. आणि शेवटी, ‘एक प्रत सहभागी व्यक्तीस द्यावी’. मी मागितली होती तोंडी संमती, कागदावर हिंसाचार न म्हणणारं अभ्यासाचं नाव, बाईच्या नावाऐवजी कोड आणि घरी एकही कागद जाणार नाही अशी सोय. उत्तर आलं, “नमुन्याप्रमाणे नाही.”

अहो, तो कागद डब्याच्या पिशवीतून घरी जाणार. नवरा पिशवी रिकामी करणार, वाचणार आणि विचारणार, “काय काय सांगून आलीस?” आमच्या संशोधनापायी तिला मार बसला तर त्या साक्षीदाराच्या सहीचं काय लोणचं घालायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच अशा अभ्यासांसाठी सूचना काढल्या: बाईची सुरक्षितता सगळ्यात आधी, एका घरातून एकच बाई, आणि चारचौघांत अभ्यासाचं नाव हिंसाचाराचं सांगायचं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही समितीच्या मंजुरीने तोंडी संमती चालते. हे सगळं मी लिहून दिलं. मग बैठक पुढे गेली. कधी कोरम नाही, कधी परीक्षा. एक सदस्य म्हणाले, अभ्यासाचं नाव बदलणं ही फसवणूक आहे. फसवणूक कसली? त्या बाईला विषय पूर्ण सांगूनच सुरुवात करायची, नाजूक प्रश्नांआधी परत विचारायचं, ‘नको’ म्हणाली तर तिथेच थांबायचं. लपवायचं ते घरच्यांपासून आणि सुपरवायझरपासून.

ऑफिसमधल्या भाऊंचा प्रश्न मात्र मला पटला. “मॅडम, उद्या ती बाई म्हणाली मी हो म्हटलंच नव्हतं, तर?” त्यावर तोडगा असा निघाला: माहितीपत्रक मोठ्याने वाचायचं, तिचा होकार ऐकायचा आणि कोड, तारीख टाकून वाचणाऱ्याने, म्हणजे मीच, सही करायची. समितीतल्या वकील बाईंनी दोन मिनिटांत मान डोलावली. त्या आधीच्या बैठकीला आल्या असत्या तर!

तुमचा अर्ज असेल तर आयसीएमआरच्या तत्त्वांतलं तोंडी संमतीचं पान झेरॉक्स काढून, ओळी अधोरेखित करून आधीच जोडा. प्रत्येक कागदावर आवक क्रमांक घ्या. ‘फाइल टेबलावर आहे’ याला काही अर्थ नसतो. सहभागी बायकांचं वय अठराच्या वरचंच ठेवा. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे लहान मुलीवरचा लैंगिक अत्याचार कळला की पोलिसांना कळवावंच लागतं, मग गुप्ततेचा शब्द कसा देणार?

हो, एक राहिलं. मदतीच्या नंबरांचं कार्ड समिती मागतेच. महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या मदतीचा ११२, अत्याचार सोसलेल्या बायकांसाठीचं ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी. छापायच्या आधी प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा. मी एका बाजूला बसच्या वेळा छापल्या आणि मागे बारीक अक्षरांत हे नंबर. असं कार्ड पर्समध्ये सापडलं तरी कुणी विचारत नाही.

मंजुरीपत्र आलं तर त्यावर पुन्हा तेच जुनं नाव, ठळक अक्षरांत. हे पत्र कंपनीच्या एचआरला दाखवायचं असतं. दुरुस्तीचा अर्ज दिलाय, आवक क्रमांकासकट.