बाईंचा प्रकटीकरणाचा तास

शाळेच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र आले, तेव्हा इमारत, मैदान आणि स्नेहसंमेलने यांवर लिहावे असे ठरवले होते. पण लिहायला बसलो आणि पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, बाईंखेरीज दुसरे काही सुचेना. आपल्या शाळेत नुसते ‘बाई’ म्हटले की कोणत्या, हे आमच्या काळच्या कोणत्याही तुकडीला सांगावे लागणार नाही.

1979 साली मी नववीत होतो. दहावीतला एक दांडगा मुलगा मधल्या सुट्टीत जिन्याखाली उभा राहून आमच्या वर्गातल्या किरकोळ पोरांकडून रोज चार-चार आणे उकळत असे. अखेर तो सापडला आणि सकाळच्या प्रार्थनेनंतर सर्वांसमक्ष त्याला छड्या बसल्या, पैसेही परत करावे लागले. आम्ही शिट्ट्या वाजवून पटांगण डोक्यावर घेतले.

पुढचाच तास बाईंचा होता. त्या रागावल्या नाहीत. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, अठरावा अध्याय काढायला सांगून, बाबेल ही वैभवशाली नगरी पडल्यावर व्यापारी ज्या मालासाठी रडतात त्याची यादी त्यांनी रविवार पेठेतल्या दुकानाच्या बिलासारखी फळ्यावर एकाखाली एक लिहिली: सोने, रुपे, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, धूप, तेल, सपीठ, गहू, मेंढरे, घोडे, रथ. शेवटची नोंद त्यांनी आम्हाला वाचायला लावली. तिथे गुलाम होते, माणसांचे जीव होते. “गव्हाच्या आणि मेंढरांच्याही खाली,” एवढेच म्हणून त्यांनी खडू ठेवला.

मग त्यांनी विचारले, “राजे रडतात, व्यापारी रडतात, खलाशी डोक्यात धूळ घालून घेतात, मग आनंद करा असे सांगितले आहे ते कोणाला?” उत्तर विसाव्या वचनात होते: स्वर्गाला, पवित्र जनांना, प्रेषितांना आणि संदेष्ट्यांना, म्हणजे ज्यांचे रक्त त्या नगरीत सांडले त्यांना. पहिल्या बाकावरचा मुलगा, ज्याचे पैसे सर्वांत जास्त गेले होते, त्याला बाई म्हणाल्या, “सकाळी तू का नाही ओरडलास?” तो म्हणाला, “बाई, मी पैसे मोजत होतो.” नाणी अजून त्याच्या रुमालात बांधलेली होती. बाई आमच्याकडे वळल्या. “याच्या मोजण्याला हालेलूया म्हणतात. तुम्ही इतके दिवस जिन्यावरून गप्प खाली उतरत होतात, तुम्ही कशाच्या शिट्ट्या वाजवल्या?”

बायबलच्या नव्या करारात हालेलूया, म्हणजे ‘परमेश्वराची स्तुती करा’, हा शब्द केवळ एकोणिसाव्या अध्यायात, चार वेळा येतो, हेही त्याच तासाला कळले. नाताळात आम्ही तो शब्द घसा फोडून गात असू, पण तो निकाल लागल्यानंतरचा शब्द आहे, हे कोणी सांगितले नव्हते. त्याच अध्यायातला, जळालेल्या बाबेलचा युगानुयुग वर चढणारा धूर मला आजही जड जातो, आणि बाईंनीही तो कधी हलका करून सांगितला नाही.

देव न्याय करायला येतो म्हणून नद्या टाळ्या वाजवोत, असे अठ्ठ्याण्णवावे स्तोत्र म्हणते. ते शिकवताना मागून कोणीतरी म्हणाले, “मुठेने टाळ्या वाजवल्या की पानशेत होते, बाई.” पानशेत धरण फुटून 12 जुलै 1961 ला पुण्यात आलेल्या पुरात बाईंचे माहेरचे घर गेले होते. तरीही त्या मनापासून हसल्या. आता लकडी पुलावरून जाताना खालचे काळे पाणी आणि जलपर्णी पाहिली की वाटते, या नदीचाही एक दावा प्रलंबित आहे.

मी पुढे वकील झालो आणि एकतीस वर्षे कामगारांचे दावे चालवत आहे. शास्त्राच्या तासाची आता आठवड्यातून वीस मिनिटांची मूल्यशिक्षणाची तासिका झाली आहे, असे ऐकतो. त्यात बाबेलचे बिल मावणार नाही. तारखा मोजता मोजता वारलेले अशील मी पाहिले आहेत, आणि शेवटचा न्याय ही धमकी नसून त्यांच्यासाठी सुवार्ता आहे, हे मी कोर्टात नव्हे, त्या वर्गात शिकलो. गेल्या वर्षी एका कामगाराच्या थकीत पगाराचा निकाल लागला, तेव्हा तो हयात नव्हता. त्याची पत्नी माझ्या टेबलासमोर बसली होती. मी रक्कम वाचून दाखवली. ती म्हणाली, “साहेब, परत एकदा वाचा,” आणि मी वाचत असताना ती बोटांच्या पेरांवर मोजत होती.