वरंधा घाट, पेट्रोल जीप आणि बोटभर नळी

हरिहरेश्वरचे तीन दिवस मजेत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते परतीच्या वाटेवर गेलेल्या ३५०० रुपयांबद्दल.

गाडी सीजे-३बी, उंच बॉनेटची जुनी जीप, २१९९ सीसीचं हरिकेन इंजिन. टायर, ब्रेक, टूलकिट तुमचं तुम्ही बघाल, ते सांगत बसत नाही. महाडला टाकी फुल केली, घाटाच्या पायथ्याची माझेरी मागे पडली आणि तिसऱ्या वळणावर गाडी झटके खात बंद. दहा मिनिटं थांबलं की चालू, अर्धा किलोमीटर, पुन्हा बंद. चार वेळा हेच. जो थांबायचा तो म्हणायचा, "व्हेपर लॉक." म्हणजे उष्णतेने पेट्रोल नळीतच उकळतं आणि वाफ वाट अडवते. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनावर असतो, पिण्याचं सगळं पाणी त्याच्यावरच्या ओल्या फडक्यात गेलं.

मग खालून मोटारसायकलवर एक मेकॅनिक आला. तोंडात बिडी आणि हातात पेट्रोलने निथळणारा कार्बुरेटर! पंपाचं किट, म्हणजे आतला पेट्रोल ओढणारा पडदा, डायफ्राम वगैरे बदललं, कार्बची बारीक भोकं, म्हणजे जेट, फुंकले, ३५०० घेतले. "आता पुण्यापर्यंत बघायचं नाही." पुणं राहिलं, वाघजाईचं देऊळ दिसायला लागलं आणि गाडी पुन्हा गप्प.

तिथल्या टपरीवर भजी खाणारा एक ट्रकवाला हात पुसत आला, बॉनेटखाली डोकावला. "काचेत बुडबुडे का हो? एअर घेतेय." पंपाची ती काचेची वाटी मी दोन तास बघत होतो.

बुडबुडे पेट्रोल उकळूनही येतात, म्हणून खात्री केली. टाकीकडून येणारी लाइन पंपावरून काढली आणि नळी थेट स्पेअर कॅनमध्ये सोडली. कॅन जमिनीवरच ठेवा, वर ठेवलात तर पेट्रोल आपोआप उतरेल आणि चाचणी फुकट. पंधरा मिनिटं इंजिन एकसुरात चाललं. म्हणजे पंप ठणठणीत, दोष टाकी ते पंप यांच्यामध्ये.

सापडला सीटखाली. टाकीच्या तोंडाशी बोटभर रबरी नळी, वाकली होती तिथे खालून चिरलेली, हाताला चिकट. ही ओढणारी बाजू, त्यामुळे पेट्रोल गळत नाही, हवा आत जाते. खाली डाग नाही, वास नाही. सपाटीला तीन दिवस काही कळलं नाही. चढावर टाकी पंपापेक्षा खाली जाते, पंपाला जास्त ओढावं लागतं, तिथे चीर उघडते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही.

पेट्रोल काढायची प्लॅस्टिकची नळी कापून बसवली आणि भोरला पोचलो. तेवढ्यापुरतंच, घरी आल्यावर ती फेकली. तुम्ही निघण्याआधी टाकीपासून कार्बपर्यंत सगळं रबर बदला. 'एसएई जे३० आर९' छापलेलाच होज घ्या, हा इथेनॉल सोसणाऱ्या नळीचा दर्जा. माझ्या गाडीला ८ मिमी लागतो. मीटरभर होज आणि चार क्लिपा जवळ असू द्या. दुकानदार 'सगळं सारखंच' म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. आणि मार्चनंतर हा घाट सकाळी नऊच्या आत चढा, खरं व्हेपर लॉकही असतंच.

जुना डायफ्राम मी मागून घेतला होता. घरी बल्बसमोर धरला. एक भोक नाही.