जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल: घाईने बघू नका

जुन्या गोव्यात बहुतेक मंडळी आधी बॉम जेझस चर्चला जातात. संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीचं दर्शन झालं की रस्ता ओलांडून से कॅथेड्रलमध्ये डोकावतात आणि बसकडे पळतात. आम्ही मुद्दाम उलटा क्रम लावला आणि सकाळी आधी कॅथेड्रल गाठलं. तुम्हीही तसंच करा. इमारतीचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन थेट दर्शनी भिंतीवर पडतं.

समोरच्या हिरवळीवर जरा थांबलात की उजवी बाजू रिकामी दिसते. तिथेही एक मनोरा होता, तो 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. डावीकडच्या मनोऱ्यात गोव्यातली सर्वांत मोठी घंटा आहे. गंभीर, भरदार नादामुळे तिला सोन्याची घंटा म्हणतात.

पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने हे शहर जिंकलं ते 25 नोव्हेंबर 1510 रोजी, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी. म्हणून कॅथेड्रल तिच्या नावाचं. आजची वास्तू 1562 मध्ये सुरू झाली, 1619 मध्ये मुख्य काम संपलं आणि वेद्या पूर्ण व्हायला 1652 उजाडलं. लांबी सुमारे 76 मीटर, रुंदी 55. साम्राज्याचा दरारा दाखवायलाच एवढा पसारा मांडला होता, हे आत पाऊल टाकताच पटतं.

बाहेरून सगळं साधं, पांढरं. आतल्या मुख्य वेदीवर मात्र सोनेरी मुलाम्याचं कोरीव लाकूडकाम छतापर्यंत चढत गेलंय. त्यातल्या फलकांवर कॅथरिनची कथा आहे. एकदम सगळं पाहू नका, एकेक फलक घ्या. मला त्याहून जास्त धरून ठेवलं ते बाजूच्या चॅपेलांच्या, म्हणजे छोट्या प्रार्थना-दालनांच्या, लाकडी जाळ्यांनी. अगदी जवळ गेलं की कोरलेल्या वेलींची वळणं आणि पानं सुटी सुटी दिसू लागतात. इथे माणसं थांबतच नाहीत, याचं खरंच वाईट वाटतं. चमत्कारी क्रुसाचं चॅपेलही याच रांगांमध्ये आहे. 1619 मध्ये त्या क्रुसावर येशूचं दर्शन झालं, अशी भाविकांची श्रद्धा आहे. तिथे कुणी प्रार्थनेला बसलेलं असतं, तेव्हा आवाज खाली ठेवा.

यानंतर बॉम जेझसला जा. तिथला लालसर जांभा उघडा आहे, कारण 1950 च्या दशकात त्याचा गिलावा काढून टाकला. तेव्हापासून पावसाने दगड झिजतोय. से कॅथेड्रलही जांभ्याचंच, पण त्यावर चुन्याचा गिलावा आहे. दोन्ही भिंती लागोपाठ पाहिल्या की गिलाव्याचं काम काय असतं ते सांगावं लागत नाही.

पणजीच्या कदंबा स्टँडवरून जुन्या गोव्याच्या बस सतत सुटतात, अंतर साधारण दहा किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्टेशन जवळ पडतं. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, फोटोंचे नियम दारावरच्या फलकावर वाचा. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असते, तेव्हा केवळ बघायला म्हणून आत फिरू नका. 3 डिसेंबरच्या झेवियरच्या फेस्ताला आणि आधीच्या नोव्हेनांना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांना, अलोट गर्दी असते. वास्तू नीट बघायची असेल तर ते दिवस टाळा. शेजारचं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे वार बघूनच बेत आखा.