आमची वाटचाल: दुसऱ्यांची सिमकार्डं सांभाळणारी सांगलीची फर्म

आम्ही सिमकार्ड विकत नाही. विश्रामबागच्या ऑफिसात "रिचार्ज मारता का ओ?" म्हणत अजूनही कोणी ना कोणी डोकावतंच, म्हणून आधीच सांगून टाकतो. ज्या कंपन्यांची माणसं ऑफिसात बसत नाहीत, रानात, बाजारात, गाडीवर किंवा घरून काम करतात, त्यांच्या नंबरांचं बिल आटोक्यात ठेवायचं आणि त्या फोनमधून कंपनीचं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढाच आमचा धंदा. पुण्या-मुंबईत याला मोठं नाव आहे. इथे आम्हाला "बिलवाले" म्हणतात.

जानेवारी २०११ मध्ये देशभर पोर्टेबिलिटी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय, आली आणि २०१२ ला मी आणि माझ्या भागीदाराने फर्म काढली. तो आधी एका डिस्ट्रिब्युटरकडे कॉर्पोरेट कनेक्शनं बघायचा. ग्राहक वैतागलाय, पण जायचं कुठे आणि कुठल्या प्लॅनवर हे त्याला सांगणारं कोणी नाही, हे त्याने रोज पाहिलं होतं. करार सोपा ठेवला: जेवढं बिल वाचवू त्यात वर्षभर आमची टक्केवारी, नाही वाचलं तर एक रुपयाही नाही.

तेव्हाची बिलं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. कुरिअरने खोकं यायचं. प्लॅनबाहेरच्या डेटाला १० केबीला १० पैसे. वाचायला बरं वाटतं, पण एमबीला दहा रुपयांच्या वर आणि जीबीला दहा हजारांच्या वर जातो तो दर. त्यात आपल्या जिल्ह्याची गोची वेगळीच. म्हैसाळच्या पुढे गेलं की कागवाड, जतच्या पूर्वेला तर टॉवर कुठल्या राज्याचा पकडेल ते फोनलाच माहीत. माणूस उभा महाराष्ट्रात आणि रोमिंग लागतंय कर्नाटकाचं, इनकमिंगलासुद्धा पैसे. भागीदार स्टीलची फूटपट्टी ओळीवर ठेवून हिरव्या पेनाने खुणा करायचा आणि मी एक्सेलमध्ये भरायचो. पुढे कंपन्या सीएसव्ही फाइल द्यायला लागल्या तेव्हा पिव्होट टेबल शिकलो. आमच्या शीटमध्ये एक खास रकाना होता, "जत लाइन". सीमेवर फिरणाऱ्या पोरांचे नंबर त्यात. त्यांच्या फोनमध्ये नेटवर्क ऑटोमॅटिकवरून काढून हाताने निवडून द्यायचं, एवढ्यावर बिलं उतरली.

रजिस्टर मात्र पहिल्यापासून कागदी. नंबर, सिमवरचा ८९९१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा, फोनचा आयएमईआय (प्रत्येक हँडसेटचा वेगळा ओळख क्रमांक), कोणाकडे आहे, कुठल्या लाइनला फिरतो, कधी दिला, कधी परत आला. माणूस नोकरी सोडून गेला की पहिली ओळ रजिस्टरमध्ये, मग सॉफ्टवेअरमध्ये. सॉफ्टवेअर विकणारे हसतात. हसू देत.

आमचा पहिला मोठा ग्राहक म्हणजे आबा. तासगाव भागात द्राक्षाच्या औषधांची डिस्ट्रिब्युटरशिप, पोरं तासगाव, कवठेमहांकाळ, जतपासून पार अथणीपर्यंत बागा फिरायची. पहिल्या भेटीत त्यांनी बिल टेबलावर टाकलं आणि म्हणाले, "काय ओ, पोरगं रानात आणि बिल विमानातलं?" आबांच्या बिलाने आम्हाला धंदा शिकवला. ऑक्टोबर छाटणी झाली की डावणी रोगाच्या भीतीने शेतकरी दिवसातून चार वेळा फोन करणार, पानांचे फोटो पाठवणार. डेटा आणि टॉकटाइम दोन्ही वर. माल उतरला की सगळं थंड. वर्षभर एकच मोठा प्लॅन ठेवणं म्हणजे आठ महिने पैसे पाण्यात. म्हणून छाटणीच्या आधी प्लॅन वर, माल गेला की खाली. ऑपरेटरच्या माणसाला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याने "छाटणी म्हणजे?" विचारलं. तो मुंबईचा होता.

एक सांगून ठेवतो, विचारलं नसलं तरी. उसाची गाडी आणि पोस्टपेडचं बिल, दोन्हींचं माप दुसऱ्याच्या काट्यावर होतं. काट्यापाशी आपलं माणूस उभं करा. महिन्याला निदान सर्वांत मोठी दहा बिलं उघडून बघा.

मग ५ सप्टेंबर २०१६ आला. जिओने डेटा फुकट वाटायला सुरुवात केली आणि ते फुकटचं मार्च २०१७ पर्यंत चाललं. बाकीच्यांना दर पाडावे लागले, रोमिंगही गेलं. देशाचं भलं झालं, मान्य. पण आमची कमाई होती वाचवलेल्या पैशातली टक्केवारी, आणि आता बिल आपलं आपणच पडत होतं. ग्राहक म्हणू लागले, "अहो, आता तुम्ही नेमकं काय वाचवलं?" उत्तर नव्हतं. करार संपत गेले, पुढचे झालेच नाहीत. पगार माझ्या बायकोच्या पतसंस्थेतल्या ठेवीतून झाले. भागीदार म्हणाला, हा धंदा संपला, आणि तो निघाला.

निघाला तो थेट पुण्याच्या एका कंपनीत. नाव घेत नाही, सांगली-कुपवाडच्या कारखानदारांना ते पाठ आहे. त्यांची गाडी एमआयडीसीत फिरायला लागली ती याच काळात. बोलणं गोड: "सांगलीवाले बिलं मोजतात, आम्ही बिलाचं टेन्शनच घेतो." प्रत्येक सिममागे एकरकमी दर, वर हँडसेट फुकट. हँडसेटच्या मागे अठरा महिन्यांची अट असते हे शेवटच्या पानावर. आमचे मोठमोठे ग्राहक एका दिवाळीत गेले. त्यातल्या एकाने जाताना पेढे दिले, ते अजून घशात आहेत.

पुढे त्या गेलेल्या ग्राहकांतल्याच एका फौंड्रीवाल्याने पुणेवाल्यांचा मासिक रिपोर्ट मला दाखवायला आणला. फौंड्रीची माणसं चाकण आणि बेळगावला जाणारी. आणि रिपोर्टात रकाना काय, तर "जत लाइन". खाली सगळी रिकामी. माझी शीट, माझी रंगसंगती, माझा रकाना, वर पुण्याचा लोगो. भागीदाराला मी फोन केला नाही. एका लग्नात भेटला तेव्हा नमस्कार झाला, जेवणाच्या पंगतीला मी दुसरीकडे बसलो.

पण खरी मेख पुढेच होती. ग्राहकाच्या ऑपरेटर खात्यावर नोंदणीकृत ईमेल आणि मोबाइल त्या कंपनीने स्वतःचा घालून ठेवला होता. का, तर "तुम्हाला त्रास नको". म्हणजे सिम बदला, प्लॅन बदला, नंबर बंद करा, ओटीपी जाणार पुण्याला. नोकरी सोडून गेलेल्यांची सिमं "सुरक्षित ताब्यात" म्हणून चालूच, आणि त्यांचं भाडंही चालू. बाहेर पडायचं म्हटलं की पोर्टिंग नामंजूर, कारण थकबाकी किंवा कराराची अट. नामंजुरीसाठी ही दोन्ही कारणं नियमात बसतात, त्यामुळे तक्रारीत दम राहत नाही. फौंड्रीवाल्याचं प्रकरण आम्ही सोडवलं ते असं: आधी संचालक मंडळाचा ठराव, मग लेटरहेडवर अधिकृत सहीदार बदलल्याचं पत्र, मग नोंदणीकृत ईमेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवर, मग थकबाकीची एक-एक ओळ भांडून मिटवली, आणि सगळ्यात शेवटी पोर्टिंग. क्रम चुकला असता तर अडकलो असतो.

त्या पडत्या काळात आबा थांबले. नुसते थांबले नाहीत, धंद्याचा हिशेबच बदलून दिला. म्हणाले, "टक्केवारी सोडा की. बिल कमी झालं म्हणून पोरं कमी झाली काय? सिममागं म्हैन्याला ठरवा आन् आमचं डोकं शांत ठेवा." आज आमची सगळी फर्म त्या दरावर चालते. मधली बरीच वर्षं ठीक गेली. त्यात लिहिण्यासारखं फार नाही.

ऑगस्ट २०१९ चा पूर सोडून. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. वीज गेली, टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या, एकेक नेटवर्क झोपत गेलं. ज्याच्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं होती तोच बोलू शकत होता. तेव्हापासून आमच्या ग्राहकांच्या फिरत्या माणसाकडे दुसरं सिम दुसऱ्याच ऑपरेटरचं असतं, सर्वांत स्वस्त प्लॅनवर. हा खर्च वाचवायला जाऊ नका.

सुरक्षेच्या कामाला आम्ही लागलो ते आबांच्या एका पोराचा फोन जतच्या बाजारात गेला तेव्हा. फोनचं काही नाही, पण व्हॉट्सॲपवर पूर्ण दरपत्रक आणि गावोगावच्या शेतकऱ्यांच्या उधारीच्या याद्या. महिन्याभरात दुसऱ्या कंपनीचा माणूस त्याच बागांत त्याच दरापेक्षा थोडा खाली. मग आम्ही फोनमध्ये वर्क प्रोफाइल, म्हणजे कंपनीच्या कामाचा वेगळा कप्पा, टाकायला लागलो. पोरांनी आधी ओरड केली, "साहेब आमचं व्हॉट्सॲप वाचणार." आबांच्या गोदामात सगळ्यांना खतांच्या पोत्यांवर बसवलं आणि माझ्याच फोनवर दाखवलं: ज्या ॲपवर छोटी बॅग दिसते ते कंपनीचं, बाकी तुमचं. मग सगळ्यांसमोर कंपनीचा भाग लांबून पुसला. बॅगवाली ॲप्स गेली, माझ्या नातीचे फोटो जिथल्या तिथे. एक पोरगं म्हणालं, "मग नोकरी सोडली तरी आमचं ऱ्हातंय?" राहतंय. त्यानंतर कोणी कुरकुरलं नाही.

२०२३ मध्ये आबांच्या कॅशियरच्या फोनची रेंज भरदुपारी गेली. तो म्हणाला, टॉवर गेला असेल. शेजारच्या टेबलावर त्याच कंपनीचं नेटवर्क फुल. आमच्या ऑफिसातल्या मुलीने ऑपरेटरला फोन लावला तर कळलं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा दुकानातून त्याच नंबरचं नवं सिम निघालंय. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर. बँकेचं खातं गोठवलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, नंबर बंद केला. सिम बदललं की २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, हा नियम आदल्याच वर्षी आला होता. त्यामुळे पैसे वाचले. तेव्हापासून बँकेचा नंबर फिरत्या फोनमध्ये ठेवायचा नाही हा आमचा नियम. तो फोन ऑफिसात, सिमला पिन, आणि कॉल फॉरवर्डिंग काढायला ##००२# महिन्यातून एकदा. सिमचा पिन तीनदा चुकला की फोन पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कोड, मागतो, म्हणून पीयूके रजिस्टरमध्ये. कागदी.

डिसेंबर २०२३ पासून कंपनीच्या नावावर घाऊक सिमं घेण्याची जुनी पद्धत गेली, वापरणाऱ्या प्रत्येकाची केवायसी लागते. फोन हरवला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय टाकून तो बंद करता येतो, पण पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत लागते आणि आयएमईआय माहीत असावा लागतो. इथे आमच्या रजिस्टरला हसणारे गप्प होतात.

जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि बिलं तपासायला परत बोलावणी सुरू झाली. जे पेढे देऊन गेले होते तेही आले. त्यांच्याकडून एक वर्षाची रक्कम आगाऊ घेतो. तोंडावर सांगतो आणि घेतो.

मागच्या महिन्यात पुण्याच्या त्याच कंपनीतून ईमेल आला: दक्षिण महाराष्ट्रात आमच्याबरोबर भागीदारीत काम करायला आवडेल. मी आमचं दरपत्रक पाठवलं, इतर ग्राहकांना पाठवतो तेच. सवलतीचा रकाना तेवढा काढून टाकला.